सांपिनची घडी आणि बोलण्याची अदब

मलेशियातल्या क्वालालंपूर, शाह आलम किंवा जोहोर बारूत राहणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मलय मुलाने मुलींवर छाप कशी पाडायची हे शोधायला घेतलं, की फोनवर दोन प्रकारचे गुरू हजर होतात. एक कोरियन मालिकेतल्या नायकाचे केस आणि त्वचेसाठी दहा बाटल्या विकतो. दुसरा पाश्चात्त्य ‘अल्फा’ पुरुषाची भाषा बोलतो: मेसेजला मुद्दाम उशिरा उत्तर द्या, भाव खा, तिला झुलवत ठेवा. पहिल्याच्या सांगण्यात थोडं तथ्य आहे. दुसरा सरळ नुकसान करतो. ज्या समाजात मुलगी आवडली तर काही महिन्यांत तिच्या आईवडिलांसमोर मांडी घालून बसायचं असतं, तिथे हा मुजोरपणा उंबऱ्यावरच ओळखला जातो.

मलय घरांत माणसाला जोखताना ‘हालुस’ आणि ‘कासार’ हे शब्द येतात. हालुस म्हणजे वागण्याबोलण्यात मऊपणा, नेमकेपणा असलेला. कासार म्हणजे आडदांड, तोंडाळ. हालुस व्हायला लागणारं जवळपास सगळं या तरुणाच्या घरात लहानपणापासून असतं: वडीलधाऱ्यांपुढून वाकून जाणं, हळू बोलणं, पाहुण्याला आधी वाढणं, कुणाला चारचौघांत न दुखावणं. अडचण अशी की ही अदब ईदला, शुक्रवारच्या नमाजाला आणि मोठ्यांसमोर दिसते. जिच्याशी आयुष्य जोडायचं आहे तिच्यासमोर बसल्यावर, तिला मेसेज लिहिताना मात्र ती कुठे जाते कळत नाही. घरची शिस्त तिच्यापर्यंत पोहोचवणं, एवढंच काम आहे. ते तपशिलात शिरल्याशिवाय होत नाही.

सुरुवात हवेपासून करावी लागते. क्वालालंपूरला दुपारी ३२-३३ अंश तापमान आणि वर्षभर दमट हवा. बरेच जण कपचाईवरून, म्हणजे छोट्या मोटरसायकलवरून फिरतात. तासभर वाहतुकीत अडकलेला माणूस कॅफेत पोहोचतो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला आणि केस हेल्मेटने चपटे झालेले असतात. यावर महागडं अत्तर हा उपाय नाही. घामावर अत्तर मारलं की दोन्ही वास मिसळून आणखी वाईट होतं. घाम रोखणारा रोल-ऑन रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून लावावा. त्या वेळी घाम कमी असतो आणि त्यातलं ॲल्युमिनियम घामाच्या छिद्रांत नीट बसतं. सकाळी घाईत, ओलसर अंगावर लावलेला रोल-ऑन पहिल्याच घामाबरोबर वाहून जातो. भेटीचा शर्ट अंगावर घालून गाडी चालवू नये; तो गुंडाळी करून पिशवीत न्यावा आणि मॉलच्या प्रसाधनगृहात बदलावा. हेल्मेटचं आतलं अस्तर सुटं होत असेल तर दर दोन आठवड्यांनी धुवावं. केसांतून येणारा आंबूस वास बहुतेक वेळा केसांचा नसतो, अस्तराचा असतो. अत्तराचे दोन फवारे पुरतात आणि ऊदाचं तेल असेल तर एक थेंब. दमट हवेत वास जास्त पसरतो आणि बंद गाडीत डोकं दुखवतो.

पायांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. मलय पुरुष दिवसातून अनेकदा चपला-बूट काढतो: घरात शिरताना, सुरावमध्ये म्हणजे नमाजाच्या खोलीत, मित्राकडे. वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, पाय धुतले जातात आणि घाईत ओल्या पायांवरच मोजे चढतात. दिवसभर बंद बुटात तो ओलावा कुजतो. बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते आणि तिच्या घरी बूट काढल्याबरोबर ते सगळ्यांना कळतं. पिशवीत एक छोटा टॉवेल ठेवून बोटांच्या मधली जागा पुसायची, दुपारनंतर मोजे बदलायचे, एकच जोड सलग दोन दिवस घालायचा नाही. फाटका मोजा आपल्याकडे बुटात लपतो, तिथे लपत नाही.

चेहऱ्यासाठी दहा बाटल्या नकोत. दोन वेळा सौम्य फेसवॉश आणि सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, तेही दोन बोटांवर पूर्ण रेघ येईल एवढं, चेहरा आणि मान धरून. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम गेला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि ऊन तो आणखी गडद करतं. उजळ करणारी क्रीम ऑनलाइन घेताना डबीवर मलेशियाच्या औषध नियामकाचा नोंदणी क्रमांक शोधावा. तो ‘एनओटी’ने सुरू होतो आणि ‘के’ने संपतो. नसेल तर घेऊ नये. बिननोंदणीच्या अशा क्रीममध्ये पारा सापडल्याचे इशारे तिथे वारंवार निघतात. दाढी बऱ्याच मलय पुरुषांना विरळ येते. गालावर तुकड्या-तुकड्यांनी उगवलेली दाढी वाढवण्यापेक्षा गाल स्वच्छ करून मिशी आणि हनुवटी नीट कातरलेली शोभते. आणि सिगरेट. २०१९ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात प्रौढ पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के धूम्रपान करणारे निघाले. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून सगळ्या खाण्याच्या जागी आणि त्यांच्यापासून ३ मीटरच्या आत सिगरेट ओढायला बंदी आहे, म्हणून पुरुष टेबलावरून उठून रस्त्याकडेला जातात. पहिल्या भेटीत तिला एकटं टाकून असं दोनदा उठून जाणं पुरेसं बोलकं असतं.

कपड्यांत मलय पुरुषाकडे अशी एक गोष्ट आहे की ती नीट घातली तर दुसऱ्या कशाची गरज पडू नये. ती म्हणजे बाजू मलायू. क्वालालंपूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांनी शुक्रवारी ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या अंगावर तो पाहिला असेल. त्याचे मुख्य प्रकार दोन. तेलोक ब्लांगाला उभी कॉलर नसते. गोल गळ्याच्या कडेला हाताने घातलेली बारीक, दाट शिवण असते, तिला वाम माशाच्या काट्याचं नाव आहे. हा जोहोरचा. चेकाक मुसांगला उभी कॉलर आणि पाच सुटी बटणं. ऐन ईदला निम्म्या मुलांचं चुकतं ते सांपिन, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, कुठे यायचं त्यात. चेकाक मुसांगवर ते सदऱ्याच्या बाहेरून बांधतात. तेलोक ब्लांगामध्ये आधी सांपिन बांधतात आणि सदरा त्यावरून खाली सोडतात. उलटं केलं तर कापड कितीही भारी असो, जाणत्या बाईची नजर तिथेच अडते.

सांपिन बांधायची रीत लांबून सोपी दिसते. दोन्ही टोकं शिवून नळीसारखं केलेलं कापड डोक्यावरून किंवा पायांतून कमरेवर घ्यायचं. पाठीकडचा भाग अंगाला सपाट बसवायचा. सगळा जादा घेर एका बाजूला ताणून धरायचा, मग तो पोटावरून दुसऱ्या बाजूला आणून दुमडायचा. दुमडीची कड सरळ खाली उतरली पाहिजे. ती तिरकी झाली की खालची किनार वरखाली होते. मग वरचा काठ दोनतीन वेळा बाहेरच्या बाजूला गुंडाळून घट्ट करायचा. घट्ट बसत नाही याचं कारण बहुधा रेशमी पँटची निसरडी कंबर असते. आत साधा पातळ पट्टा बांधला की प्रश्न सुटतो. अविवाहिताचा सांपिन गुडघ्याच्या वर आणि विवाहिताचा खाली, अशी जुनी समजूत आहे. आता सगळे पाळत नाहीत, पण तिच्या आजीला माहीत असतं.

सदरा शिवून घ्यायचा असेल तर शिंप्याला काखेतल्या चौकोनी तुकड्याबद्दल विचारावं. हा केकेक असला की हात वर केल्यावर सदरा वर ओढला जात नाही. तयार, स्वस्त सदऱ्यांत तो पुष्कळदा गाळलेला असतो, मग सगळा सदरा खांद्यावर लटकल्यासारखा दिसतो. सोंगकोक, म्हणजे काळी टोपी, घेताना कपाळावर, भुवयांच्या बोटभर वरून टेप गुंडाळून माप घ्यावं. सैल टोपी कानावर बसते आणि माणूस शाळकरी दिसतो. आणि सोंगकेतचा, म्हणजे जरीच्या कापडाचा, सांपिन वॉशिंग मशीनमध्ये कधीही घालू नये. तो त्याच घडीवर वर्षानुवर्षं ठेवला की घडीच्या रेषेवर जर तुटते. कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवावा. पैठणी सांभाळणाऱ्या घरांना हे सांगावं लागणार नाही. सोंगकेतचं विणकाम २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण तेरेंगानू राज्यातल्या विणकर बायकांची मेहनत जपायची असेल तर ती घरातल्या कपाटातच जपली जाते.

रोजच्या भेटीला हे सगळं नको. लांब बाह्यांचा बाटिक शर्ट, गडद पँट, स्वच्छ बूट. सरकारी नोकर गुरुवारी बाटिक घालतात, त्यामुळे तो बऱ्याच जणांकडे असतो. फक्त इस्त्री हवी.

आता बोलणं. इथे सगळ्यात जास्त गोष्टी बिघडतात आणि इथेच हा लेख लिहावासा वाटला. मलय भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ला अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाने अंतर ठरतं. ‘आकू-काऊ’ मित्रांत चालतं; नव्या ओळखीच्या मुलीशी ते खरखरीत वाटतं. ‘साया-आवाक’ सुरक्षित आणि सभ्य. तिसऱ्याच मेसेजमध्ये स्वतःला ‘आबांग’ म्हणवून घेणारे पुष्कळ. आबांग म्हणजे दादा. बायको नवऱ्यालाही याच नावाने हाक मारते. ते नाव तिने द्यायचं असतं. स्वतःच स्वतःला लावून घेतलं की तिच्या मैत्रिणींच्या गटात त्याचा स्क्रीनशॉट फिरतो. तसंच ‘दाह माकान?’, जेवलीस का? काळजीचं वाक्य आहे, पण रोज दुपारी एक वाजता तेच आलं की त्यातली काळजी निघून जाते. त्याऐवजी कालच्या बोलण्यातला एक धागा धरावा. तिने सांगितलं असेल की आज वरिष्ठांसमोर सादरीकरण आहे, तर संध्याकाळी ते कसं झालं हे विचारावं. ही युक्ती नाही, ऐकल्याची खूण आहे. मलेशियाच्या सरकारी विद्यापीठांत बऱ्याच वर्षांपासून मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. समोर बसलेली मुलगी शिकलेली, कमावती आणि पुष्कळदा त्याच्याहून वरच्या पदावर असते. तिच्या कामाबद्दल प्रश्न न विचारता आपल्या गाडीबद्दल चाळीस मिनिटं बोलणारा पुरुष तिला नवा नसतो.

आणि पांतून. चार ओळी, एक सोडून एक यमक, ओळीत साधारण ८ ते १२ अक्षरं. पहिल्या दोन ओळींत निसर्गातलं किंवा रोजचं काहीतरी, पुढच्या दोनमध्ये मनातलं. मागणी घालायला आलेली मंडळीसुद्धा पूर्वापार याच वळणाने विचारतात: बागेतल्या फुलाला कुणी धनी आहे का? २०२० मध्ये इंडोनेशिया आणि मलेशियाच्या नावाने पांतूनही युनेस्कोच्या यादीत नोंदलं गेलं. आजचा तरुण ते इंटरनेटवरून जसंच्या तसं उचलून पाठवतो आणि तिला तेच तीन जणांकडून आलेलं असतं. स्वतः रचावं. पहिल्या दोन ओळींत तिने सांगितलेली गोष्ट घ्यावी: तिची मांजर, एलआरटी या शहरी रेल्वेच्या खिडकीवरचा पाऊस, ऑफिसखालचा नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, विकणारा. यमक किंचित लंगडं चालेल. महिन्याकाठी एक पुरे. रोज पाठवलं की तो गोडबोल्या ठरतो आणि अशा पुरुषाला तिथे ‘बुआया दारात’, म्हणजे जमिनीवरची मगर म्हणतात.

भेटीची जागा आणि वेळ ठरवणं हे त्याचं काम, आणि त्यात कायदाही आहे. मुसलमान अविवाहित स्त्रीपुरुषांनी संशय येईल अशा रीतीने एकांतात असणं, म्हणजे खल्वत, हा राज्यांच्या शरिया कायद्यांखाली गुन्हा आहे. क्वालालंपूरसारख्या संघराज्य प्रदेशांत १९९७ च्या कायद्यानुसार ३,००० रिंगिटपर्यंत (रिंगिट हे मलेशियाचं चलन) दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. या कायद्याबद्दल कुणाचं काही मत असो, तिला अशा जागी बोलावणारा पुरुष तिची अब्रू पणाला लावतो, कारण बदनामीचा मोठा वाटा मुलीच्या वाट्याला येतो. म्हणून उघडी, वर्दळीची जागा. मॉलमधला कॅफे उत्तम, कारण सुराव त्याच इमारतीत असतो. सूर्यास्त तिथे वर्षभर सात ते साडेसातच्या दरम्यान होतो. सहाची वेळ दिली तर तासाभरात मगरिबसाठी, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजासाठी, उठावं लागतं आणि गप्पा अर्धवट तुटतात. साडेचार-पाच किंवा थेट साडेआठ बरी. ‘डुक्कर नाही, चरबी नाही’ अशी पाटी म्हणजे हलाल प्रमाणपत्र नव्हे. जाकिम या सरकारी इस्लामी खात्याचं बोधचिन्ह आधी पाहून ठेवावं, तिला विचारायला लावू नये. दीड तास पुरे. पहिल्या भेटीला हात पुढे करू नये. तिने केला तर हलकेच मिळवावा, नाहीतर उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकावं.

पैसे कुणी द्यायचे? बोलावलं त्याने ‘बलांजा’ करावं, म्हणजे खर्च उचलावा, ही तिथली रीत. मामाकमध्ये, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या साध्या खानावळीत, दोन तेह तारिक (दुधाचा चहा) आणि दोन रोती चनाई (पराठे) १५ रिंगिटच्या आत होतात, मॉलमधल्या कॅफेत ५०-६० लागतात. तिने वाटा उचलायचा आग्रह धरला तर वाद घालू नये, पुढची खेप तिची म्हणावं. मामाकला कमी लेखू नये. मात्र तिथेच मित्रांबरोबर रात्री दोनपर्यंत ‘लेपाक’ करत, म्हणजे निवांत गप्पा छाटत, बसायचं आणि फोन पालथा टाकायचा, ही मलय बायकांची नेहमीची आणि रास्त तक्रार आहे. फुटसाल दहाला, मग चहा, घरी एक वाजता, हे आधी सांगितलं तर कुणी रागावत नाही. न सांगता गायब झालं की दुसऱ्या दिवशी ती ‘मराजुक’ होते, रुसते. तेव्हा इमोजी पाठवून भागत नाही. काय चुकलं ते एका वाक्यात म्हणावं, ‘पण तूसुद्धा’ हे जोडू नये.

स्वयंपाकाबद्दल थोडं. सांबाल तुमिस, म्हणजे परतलेल्या मिरचीचं वाटण, स्वतः करता येणारा पुरुष मला फार आवडतो, आणि एकट्या मलाच नाही. तीसेक सुक्या मिरच्या बिया झटकून गरम पाण्यात भिजवायच्या, दहा छोटे कांदे, तीन लसूण पाकळ्या आणि चमचाभर भाजलेल्या बलाचानबरोबर (आंबवलेल्या जवळ्याचा गोळा) बारीक वाटायच्या. वाटीभर तेलात मंद आचेवर परतायचं, तेल सुटून वर येईपर्यंत. आपण वाटणाला तेल सुटेपर्यंत परततो तेच. त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. नवशिके दहाव्या मिनिटाला चिंच-गूळ घालतात. मग मिरची कच्ची राहते, चव उग्र लागते आणि रात्री पोट दुखतं. लग्नानंतर घर दोघांनी चालवायचं आहे हे असा डबा न बोलता सांगून जातो.

तिच्या घरी पहिल्यांदा जाताना दोनतीन दिवस आधी कळवावं, असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर, पोहोचावं. रिकाम्या हाताने नाही: दोन किलो चांगली फळं किंवा ताजे कुईह, म्हणजे तिथले छोटे गोड पदार्थ. दारात सलाम द्यावा; उत्तर नाही आलं तर तीनदा. वडिलांना ‘पाकचिक’, आईला ‘मकचिक’. वडिलांचा हात दोन्ही हातांत घ्यावा, आईने हात पुढे केला तरच. खाली मांडी घालून बसावं, तळवे कुणाकडे येऊ देऊ नयेत, बोट दाखवायचं तर अंगठ्याने. मोठ्यांसमोरून जाताना वाकून, उजवा हात खाली सोडून जावं. जेवण उजव्या हाताने, बोटांच्या पेरांनी. तळहात बरबटू नये. वाढायचा चमचा डाव्या हाताने धरायचा, उजव्या हाताच्या मागच्या बाजूचा आधार देऊन. पोट भरलं असेल आणि एखादा पदार्थ नको असेल तर सरळ नाही म्हणू नये, बोटांनी ताटलीला स्पर्श तरी करावा. न शिवता उठलं तर वाटेत काही वाईट घडतं अशी समजूत आहे आणि तिची आजी ते मनाला लावून घेते. जेवण झाल्यावर ताटल्या उचलून स्वयंपाकघरापर्यंत न्याव्या. घरातली मुलं बसून राहिली असतील तरीही.

पैशाचं बोलणं मात्र दोघांत, त्याआधी व्हायला हवं. मलेशियात गाडीचं कर्ज नऊ वर्षांपर्यंत चालतं, त्यावर विद्यार्थीकर्ज, आणि मग लग्नासाठी वैयक्तिक कर्ज काढून मोठा हंतारान, म्हणजे मुलीकडे द्यायची रक्कम, देणारे कमी नाहीत. सेलांगोरमध्ये मस काहविन, म्हणजे मेहर, किमान ३०० रिंगिट आहे. खर्च फुगतो तो हंतारान, हॉल आणि जेवणावळीत. त्याने आपला पगार, हप्ते आणि शिल्लक तिला खऱ्या आकड्यांत सांगावी. हप्ते आवाक्याबाहेर गेले असतील तर बँक नगारा या मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने २००६ मध्ये सुरू केलेली एकेपीके ही संस्था मोफत सल्ला देते आणि परतफेडीचा आराखडा बसवून देते. तिथे जाण्यात कमीपणा नाही. एकदा मरिसिकला, म्हणजे मागणीआधीच्या विचारपुशीला, मोठी माणसं गेली की आकडे त्यांच्या हातात जातात आणि भिडेपोटी नाही म्हणता येत नाही. लग्नापूर्वीचा सक्तीचा अभ्यासवर्ग, कुर्सुस काहविनही लवकर करून टाकावा. निकाहच्या अर्जाला त्याचं प्रमाणपत्र जोडावंच लागतं आणि शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की जागा मिळत नाहीत.